कर्ता नसलेलं वाक्य

त्या वर्षी मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागले. नवं शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझ्याबरोबर शिकलेल्या बऱ्याच मुली कॉम्प्युटरचे कोर्स करून कॉल सेंटरला लागल्या होत्या. माझी नेमणूक वर्षापुरती होती आणि पुढच्या जूनमध्ये परत बोलावतील की नाही, हे कोणीच सांगत नव्हतं. घर अंबरनाथला. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी ते विहारात जाऊन पेपर मोठ्याने वाचायचे, कारण त्यांच्या वयाच्या बऱ्याच जणांना बारीक टाइप दिसत नसे, आणि काहींना मुळात वाचताच येत नसे. वाचून झालं की बातमीवर चर्चा व्हायची आणि ते घरी उशिरा जेवायचे.

आमचा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली भरायचा. वर्गात वीसेक मुली आणि मोजके मुलगे. बहुतेक जण कॉमर्सला प्रवेश मिळाला नाही म्हणून आर्ट्सला आलेले, आणि हे ते स्वतःच सांगायचे. मी काहीही शिकवलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" मला राग यायचा नाही. मीसुद्धा कॉलेजात असताना हाच प्रश्न विचारला होता.

एके दिवशी 'स्थानिक स्वराज्य संस्था' हा धडा चालू होता. सर्वसाधारण सभा, तिची कार्यपद्धती, नागरिकांचा सहभाग वगैरे मी फळ्यावर मुद्दे लिहीत होते. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, तुमी सभा बघितलीय का कधी?"

विचारणारी मुलगी बदलापूरजवळच्या, जांभूळच्या बाजूच्या गावातून यायची. शेतकरी घरातली होती. वर्गात फारशी बोलायची नाही, कारण 'मला'च्या जागी तिच्या तोंडून घरचं 'मना' निघायचं आणि मागची पोरं हसायची. पहिल्या महिन्यात दोनदा असं झालं आणि तिने बोलणंच सोडलं. त्या दिवशी मात्र तिने विचारलं.

मी म्हटलं, "नाही."

"मग परीक्षेत लिहायचं तरी कसं?"

वर्ग हसला, पण या वेळी तिला नाही, मला हसला. मी म्हटलं, "चला, जाऊन बघू."

आमच्या भागातल्या एका पालिकेत आम्ही गेलो. कोणत्या ते सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुठेही घडलं असतं. सभेचं कामकाज पाहणारे एक लिपिक होते, पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं लावलेले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. मी विचारलं, नागरिकांना सभा बघता येते का? ते विचारात पडले.

"येते. नियमात आहे. वर गॅलरी आहे. पण मी इथे लागल्यापासून कोणी विचारलेलं नाही."

गॅलरीत मोडक्या खुर्च्या, गंजलेलं कपाट आणि गुंडाळून ठेवलेले कापडी फलक भरले होते. भाऊसाहेबांनी स्वतः कपाट ढकलायला हात लावला. मुलींनी ओढण्या कमरेला खोचल्या आणि तासाभरात दोन बाकं मोकळी केली. पुढच्या आठवड्यात आम्ही सभेला जाऊन बसलो.

सभा इतक्या झरझर झाली की कोणालाच काही कळलं नाही. खालून विषयाचा क्रमांक वाचला जाई, पाठोपाठ "मंजूर, मंजूर" असा आवाज येई आणि पुढचा क्रमांक. मी मुलांना टिपणं काढायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या. कोणी चहा कितीदा आला ते लिहिलं होतं, कोणी कोण कुठे बसलं होतं त्याचा नकाशा काढला होता. त्या मागच्या बाकावरच्या मुलीच्या वहीत एकच ओळ होती: 'आज काय झाला, त्या मना समजला नाय.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. राज्यशास्त्रात एम.ए. करून मलाही काही समजलं नव्हतं. फक्त ते लिहायचा प्रामाणिकपणा मी दाखवला नसता.

पुढच्या सभेच्या आधी मी भाऊसाहेबांकडे विषयपत्रिका मागितली. त्यांनी अर्ज करायला सांगितलं, तो केला, आणि त्यांनी प्रत दिली. सात-आठ पानं होती. मी ती वर्गात नेली आणि एकेक विषय एकेकीला वाटून दिला. म्हटलं, शाळेत मराठीच्या तासाला वाक्य सोडवायचो ना, तसं सोडवा. कर्ता शोधा, कर्म शोधा, क्रियापद शोधा.

मुली कामाला लागल्या आणि दहा मिनिटांत तक्रारी सुरू झाल्या.

"मॅडम, याच्यात कर्ताच नाही."

"माझ्यातपण नाही. 'मान्यता देणेत यावी' म्हणजे कोणी द्यावी?"

"'करणेकामी' हा काय शब्द आहे?"

त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. परीक्षेला आहे का, असंही कोणी विचारलं नाही.

चौदावा विषय त्या गावाकडच्या मुलीकडे आला होता. तिने तो उभं राहून वाचून दाखवला: 'मंडईलगतचे जुने सार्वजनिक बांधकाम निष्कासित करून सदर जागेचा व्यापारी तत्त्वावर विनियोग करणेबाबत निर्णय घेणे.' वाचून ती थांबली.

"निष्कासित म्हणजे पाडून," मी म्हटलं.

"ते आलं लक्षात. पण बांधकाम कनचं?"

'कनचं'वर मागे खुसखुस झाली. तिने तिकडे बघितलंही नाही. "मंडईजवळ जुनं बांधकाम म्हणजे काय हाय? देऊळ नाय, शाळा नाय. माझी आई तिथंच भाजी घेऊन बसते. मना म्हाईत हाय ती जागा. तिथं जुनं एकच हाय." तिने आवाज खाली आणला. "बायकांची मुतारी."

आम्ही पाच-सहा जणी दुसऱ्याच दिवशी सकाळी मंडईत गेलो. भाजीबाजाराच्या टोकाला, मच्छीच्या ओट्यांमागे, तीन खोल्यांची एक बैठी इमारत होती. एका दाराची कडी तुटलेली, नळाला पाणी नाही. बाहेर बायकांनी आणलेले प्लॅस्टिकचे कॅन ठेवलेले. त्या मुलीची आई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. लेकीबरोबर मॅडम आलेली बघून ती गडबडून उठली आणि माझ्यासाठी रिकामं खोकं उलटं केलं. मी बसले. मग सरळच विचारलं की ही जागा तुम्ही वापरता का.

"वापरतो ना," ती म्हणाली. "घाण हाय, पन हाय. याच्या आधी काय नव्हता. पहाटे निघाल्यावर घरी जाईपर्यंत आमी पानीच पीत नाय. पानी पियाला की जावा लागतं." तिने हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली. "आता पोटात दुखतं म्हनून डॉक्टर सांगतो, पानी पी. कुठं पिऊ?"



वर्गात आम्ही तो विषय सोप्या मराठीत लिहायला घेतला, आणि पहिल्याच ओळीवर भांडण लागलं. एका मुलाला लिहायचं होतं, 'बायकांची मुतारी पाडण्याचा डाव.' सगळ्यांना ते आवडलं. मी म्हटलं, डाव आहे हे कुठे लिहिलंय? दाखव. तो म्हणाला, मॅडम, सगळ्यांना माहीत असतं. मी म्हटलं, मला नाही माहीत. जे कागदावर आहे तेवढंच लिहायचं, फक्त कळेल असं. तो चिडला, पण त्याने 'डाव' खोडला.

मग 'मुतारी' या शब्दावरून वाद झाला. कल्याणहून येणाऱ्या एका मुलीला तो घाणेरडा वाटत होता. ती म्हणाली, 'महिला प्रसाधनगृह' लिहू. शेवटी मंडईतल्या बायका बोलतात तोच शब्द ठेवला आणि लिहिलं ते असं: 'मंडईजवळची बायकांची मुतारी पाडून त्या जागी पालिकेने दुकानं बांधावीत का, हे नगरसेवक येत्या सभेत ठरवणार आहेत.' त्याखाली सभेची वेळ आणि गॅलरी सर्वांना खुली आहे ही एक ओळ.

मी तो कागद भाऊसाहेबांना दाखवायला नेला. आमची काही चूक होत असेल तर तिथेच कळावी म्हणून. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"बरोबर आहे. पण असं लिहायची पद्धत नाही."

"का नाही?"

ते ओशाळल्यासारखे हसले. "मी नोकरीला लागलो तेव्हा साहेबांनी जुनी विषयपत्रिका पुढ्यात टाकली आणि म्हणाले, यावरून उतरव. तेव्हापासून उतरवतोय. कोणी सांगितलंच नाही की वाचणाऱ्याला कळायला पाहिजे."

कॉलेजसमोर एका सिंधी काकांचं झेरॉक्सचं दुकान होतं. ते पूर्वी सिंधी शाळेत शिक्षक होते. शाळेत मुलं कमी होत गेली, ते निवृत्त झाले आणि मुलाने टाकलेल्या दुकानात बसू लागले. मुलं त्यांना अंकल म्हणत. प्रती काढता काढता त्यांनी कागद वाचला आणि मशीन बंद केलं.

"ये किसने लिखा?"

मुलींनी सांगितलं.

"मार्केट में आधे दुकानदार तो हमारे लोग हैं. मराठी बोलते सब हैं, पढ़ते नहीं. हिंदी में भी करो. सिंधी मैं कर देता हूँ." ते आमच्यासमोरच बसून उजवीकडून डावीकडे लिहायला लागले. अक्षर इतकं सुंदर की मुली टेबलाभोवती गोळा झाल्या. लिहिताना ते आमच्याशी तुटक तुटक बोलत होते. लहान असताना, फाळणीनंतर, आईबापांबरोबर ते इथल्या कॅम्पात आले होते. कॅम्पच्या कचेरीत आईला एक फॉर्म दिला होता. "अम्मा ने अंगूठा लगाया. किस चीज़ पे लगाया, मरने तक उसको मालूम नहीं पड़ा. वो बार-बार पूछती थी, उसमें लिखा क्या था?" त्यांनी शेवटची ओळ पुरी केली. "लो, अब ये तो सबको मालूम पड़ेगा."

झेरॉक्स घेऊन मी घरी गेले आणि वडिलांना दाखवलं. मला वाटलं होतं ते शाबासकी देतील. त्यांनी वाचून विचारलं, "हे भाजीवाल्या वाचणार कशा?"

"चिकटवणार आहोत ना आम्ही, मंडईत."

"अगं, चिकटवून काय होतं? ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी चिकटवतात. बाकीच्यांना वाचून दाखवावं लागतं. आणि वाचणारा त्यांच्यातला पाहिजे. तू वाचलंस तर त्या नुसती मान हलवतील."

म्हणून दुसऱ्या दिवशी मंडईत उलट्या खोक्यावर ती मुलगी उभी राहिली. पहिल्यांदा तिने कागदावरचं प्रमाण मराठीत वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं, भराभर. बायकांचं लक्ष नव्हतं. कोणी भाव सांगत होती, कोणी पाणी शिंपडत होती. मग तिने कागद खाली घेतला आणि आपल्या बोलीत सांगायला लागली. गावात शेजारणीशी बोलावं तसं. कोण ठरवणार, कधी ठरवणार, कुठे बसून बघता येतं. हळूहळू माना वळल्या. एका म्हातारीने विचारलं, "आमी गेलो त आत सोडतील?" ती म्हणाली, "मी सोबत हाय ना."

तिच्या 'मना'ला हसणारी पोरं खोक्याच्या दोन्ही बाजूंना कागद वाटत उभी होती. त्यातल्या एकाला मध्येच कोणीतरी काही विचारलं, तर त्याने खोक्याकडे बोट दाखवलं. "तिला विचारा, तिला सगळं माहितेय."

दोन दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. एका नगरसेवकाचा फोन आला होता, की तुमच्या मॅडम मुलांना राजकारणात ओढतायत. जूनमधली नेमणूक डोळ्यांसमोर आली. मी अभ्यासक्रमाचं पुस्तक बरोबर नेलं होतं, त्यातला 'नागरिकांचा सहभाग' हा मुद्दा उघडून ठेवला, आणि शेजारी आमचा कागद.

प्राचार्य इंग्रजीचे होते, बोलायला कडक. त्यांनी आधी पुस्तक वाचलं, मग कागद. बराच वेळ वाचत होते. एवढ्याशा कागदात इतकं काय वाचतायत, मला कळेना.

"यात राजकारण कुठे आहे?" ते शेवटी म्हणाले. "इथे तर कोणाला नाव ठेवणारं एक विशेषणसुद्धा नाही." मग लाल पेन काढून एका वेलांटीवर गोल केला. "ही दुरुस्त करा आणि मग पुढचे वाटा. कॉलेजच्या नावाने चुकीचं मराठी बाहेर जायला नको."

सभेच्या दिवशी गॅलरीत बसायला जागा उरली नाही. भाजीवाल्या दहा-बारा आल्या होत्या, टोपल्या खाली पहारेकऱ्याकडे ठेवून. दोन दुकानदार होते; नवी दुकानं हवी होती म्हणून ते आले होते, आणि मला ते आल्याचा तितकाच आनंद झाला. झेरॉक्सवाले अंकल कडेला उभे. खाली नगरसेवक सारखे वर बघत होते. विषय क्रमांक एक, दोन, तीन त्या दिवशी सावकाश वाचले गेले.

चौदावा आला. कोणीतरी सवयीने "मंजूर" म्हटलं. तेवढ्यात एक नगरसेविका उभी राहिली. महिलांसाठी राखीव वॉर्डातून ती निवडून आली होती. आधीच्या सभेत ती शेवटपर्यंत एक शब्दही बोलली नव्हती. तिच्या हातात आमचा कागद होता.

"अध्यक्ष महोदय, हे जुने सार्वजनिक बांधकाम म्हणजे नेमकं काय?"

पालिकेच्या अभियंत्यांनी सांगितलं, "मंडईलगतचं शौचालय, मॅडम. महिलांचं."

"मग तसं लिहिलं का नाही? मला पत्रिका येऊन आठ दिवस झाले. मी दोनदा वाचली. मला वाटलं एखादी पडकी चौकी असेल." तिने हातातला कागद गॅलरीच्या दिशेने वर केला. "आणि ते पाडल्यावर या बायकांनी जायचं कुठे, हे यात कुठे आहे?"

खालून कोणीतरी हसलं. वर त्या मुलीची आई उभी राहिली. अध्यक्ष म्हणाले, "ताई, गॅलरीतून बोलता येत नाही, नियम आहे." ती लगेच खाली बसली. मला वाटलं, संपलं. पण भाऊसाहेब अध्यक्षांच्या खुर्चीमागे जाऊन कानात काहीतरी बोलले. अध्यक्षांनी दहा मिनिटांची विश्रांती जाहीर केली आणि दोघी-तिघींना आपल्या दालनात बोलावलं. मी बाहेर थांबले. दारातून ऐकू येत होतं ते एवढंच की आधी सगळ्या एकदम बोलत होत्या, आणि मग एकच आवाज येत होता, मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या त्या बाईचा.

सभा परत सुरू झाली तेव्हा विषय दुरुस्त करून मंजूर झाला: पालिकेने आधी मंडईतच नवीन शौचालय बांधावे, पाण्याची सोय करावी, त्यानंतरच जुनी इमारत पाडावी. भाऊसाहेबांनी ठराव वाचून दाखवला. वर बसलेल्या माझ्या सगळ्या मुलींना त्या वाक्यातला कर्ता एकदम ऐकू आला, आणि एकीने तर मोठ्याने म्हटलंही, "पालिकेने!"

दुकानदारही नाराज झाले नाहीत. त्यांच्यापैकी एक जण जिन्यात म्हणाला, "हमको भी क्या मालूम था, मैडम? हमको तो बोला, खाली जगह है."

काम लगेच झालं नाही. जुन्या इमारतीला पाणी महिनाभरात आलं आणि कडी बसली, पण नवीन बांधायला दीडेक वर्ष गेलं. मधल्या काळात परीक्षा आल्या आणि गॅलरी पुन्हा रिकामी झाली. पुढच्या बॅचमधले काही आले, काही आले नाहीत. एका सभेला मी एकटीच बसले होते आणि खालून भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघून हात केला. त्यांनी विषयपत्रिकेला एक वेगळा कागद जोडायला सुरुवात केली होती, सोप्या मराठीतला. त्यांच्या आताच्या साहेबांनी परवानगी दिली नव्हती आणि मनाईही केली नव्हती. मला जूनमध्ये परत बोलावलं. त्याच्या पुढच्या वर्षी नाही बोलावलं; जागा दुसऱ्याला दिली. मग मी बदलापूरच्या एका कॉलेजात लागले आणि तिथेही मुलांना विषयपत्रिका वाचायला लावली.

लोक मला विचारतात, आर्ट्स शिकून काय होतं? मी मोठं उत्तर देत नाही. वाक्य वाचता येतं, त्यात काय राहिलंय ते दिसतं, आणि जे दिसलं ते दुसऱ्याला कळेल असं सांगता येतं, असं म्हणते. त्यातून दरवेळी काही घडतंच असं नाही. पण घडायची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते, हे मी एकदा डोळ्यांनी बघितलंय.

ती मुलगी बी.ए. झाली. लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा तिच्या आईनेच घरात सांगितलं की ही अजून शिकेल. तिने ग्रंथालयाचा कोर्स केला आणि बदलापुरात एका छोट्या वाचनालयात लागली. एका रविवारी सकाळी मी तिला भेटायला गेले. मला वाटलं होतं, पुस्तकांची कपाटं आणि पेपर वाचणारे दोन-चार आजोबा असतील. तिथे सतरंजीवर वीसेक माणसं बसली होती. चिखलोलीकडच्या नव्या बिल्डिंगमधल्या दोन बायका, एक रिक्षावाला, कॉलेजची मुलं, तिच्या गावचे काही जण. ती पालिकेची नोटीस वाचून दाखवत होती, एक ओळ प्रमाण मराठीत आणि तीच ओळ पुन्हा आपल्या बोलीत. कचरा टाकायच्या जागेवरून रिक्षावाल्याचं आणि त्या बायकांचं जोरदार चाललं होतं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं.

मला दारात बघून ती थांबली नाही. हातानेच बसायची खूण केली.

"मॅडम, बसा. अजून दोन विषय राहिलेत."

मी चपला काढल्या आणि सतरंजीच्या कडेला जागा करून बसले.